दस्त्यातली काळी पूड

ही गोष्ट २०२३ सालच्या फेब्रुवारीतली. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या जुन्या मराठी मंडळींना तो आठवडा अजून आठवतो. त्या बुधवारी बर्फ पडला नाही, पाऊस पडला. आणि जिथे पडला तिथेच गोठून काच झाला. फांद्या, तारा, गाड्या, पायऱ्या, सगळं काचेचं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी सुनेत्रा दांडेकरांचा फोन वाजला.

"सुनेत्रा, मृणालिनी बोलतेय. हळू बोलतेय, खाली मुलगा-सून आहेत. तू आत्ता येतेस?"

"काय झालं?"

"भिंतीवरची बंदूक आमची नाही. कुणीतरी बदललीय. दसऱ्यापासून सांगतेय मी. कुणी ऐकत नाही. आणि परवा मला हर्नडनला नेणार आहेत, विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या जागेत. तिथल्या दारांना कोड असतात म्हणे."

सुनेत्राबाईंनी कोट चढवला. मोटारींच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी धातू तपासण्यात आयुष्य घालवलं होतं. अगदी सुरुवातीला साडी नेसलेली बाई प्रयोगशाळेत दिसली की लोक तिला कुणाची तरी पाहुणी समजत. निवृत्तीनंतर त्या जवळच्या एका छोट्या संग्रहालयात जाऊन बसत. लोक तिथे पणजोबांच्या म्हणून बंदुका आणत, आणि बहुतेक वेळा ती बंदूक पणजोबा वारल्यानंतरची आहे हे त्यांना हळुवारपणे सांगावं लागे.

मृणालिनीबाईंच्या घराचं दार उघडताच एका यांत्रिक बाईचा गोड आवाज आला : फ्रंट डोअर, ओपन.

"हा काय प्रकार?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"आईसाठी लावलंय," अंकुर म्हणाला. मृणालिनीबाईंचा हा एकुलता एक मुलगा हर्नडनला असतो, आयटीत. बायकोला, वल्लरीला, घेऊन तो आठवड्याभरासाठी आला होता. "शी माइट वॉन्डर ऑफ. सेफ्टीसाठी आहे, मावशी."

"गाडीची किल्लीही सेफ्टीसाठी काढून घेतली," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आणि शेगडी पेटवायचे खटकेसुद्धा. चहा हवा असेल तर वल्लरीच्या पर्समधून खटका मागायचा."

"आई, प्लीज. दूध दोनदा जळलं होतं," वल्लरी म्हणाली.

"जळलं. मी विसरते. चष्मा विसरते, वार विसरते. पण दरवर्षी खंडेनवमीला जी बंदूक मांडीवर घेऊन पुसली, तिला मी ओळखणार नाही?"

दिवाणखान्यात शेकोटीच्या वर ती लांबलचक ठासणीची बंदूक टांगलेली होती. तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजानं ठासायची, मग चकमकीनं बार काढायचा, अशी. ट्रॉयमध्ये घरांपेक्षा शेतं जास्त होती तेव्हा शेजारच्या हॅस्केल नावाच्या म्हाताऱ्यानं ती मृणालिनीबाईंच्या नवऱ्याला, कुमारला, भेट दिली होती. हॅस्केलच्या पूर्वजांनी ती पेनसिल्व्हेनियाहून बैलगाडीतून आणली होती म्हणे. तीन वर्षांपूर्वी कुमार गेले. बंदूक राहिली.

"खाली काढू?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. खिडकीबाहेरच्या फांद्या कडकड वाजत होत्या. थोड्या वेळानं दिवे गेले, आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघरही थांबली. अंकुर गॅरेजकडे जाऊन परत आला.

"दार फ्रीझ झालंय. ड्राइव्हवे म्हणजे काच आहे नुसती. मावशी, तुम्ही आज कुठेही जाऊ शकणार नाही."

"मग सगळेच माझ्यासारखे झालात," मृणालिनीबाई म्हणाल्या.

वल्लरीनं मेणबत्ती आणली. भर दुपारी आकाश इतकं काळं होतं की तिच्याशिवाय दिसेना. सुनेत्राबाईंनी लाकडाच्या दस्त्यावरून बोट फिरवलं. मध्यावर एक पितळी पट्टा होता.

"मृणालिनी, हा पट्टा पूर्वी होता?"

"नाही. आमचं लाकूड एकसंध होतं. खांद्याला टेकवायच्या टोकापासून तोंडापर्यंत."

"बाबांनी रिपेअर केलं असेल," अंकुर म्हणाला.

"रिपेअरचा पट्टा मोडलेल्या जागी असतो. हा दोन वेगळ्या लाकडांचा सांधा झाकायला आहे. लांब लाकूड महाग पडतं, म्हणून कारखाने दोन तुकडे जोडतात. आणि हे स्क्रू बघ. सगळ्यांच्या खाचा अगदी सारख्या. हातानं कापलेल्या अशा येत नाहीत." त्या थांबल्या. "अंकुर, ही नक्कल आहे. चांगली आहे, पण नक्कल."

मग वल्लरी हळूच म्हणाली, "म्हणजे आई बरोबर होत्या?"

"थांब. नक्कल आहे एवढंच कळलंय. बदलली का, ते वेगळं. अंकुर, आई भारतात गेली होती ना उन्हाळ्यात?"

"हो, दोन महिने. पुतण्याचं लग्न होतं."

"किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक समोरच्या नंदूकाकांकडे. काका झाडांना पाणी घालायचे."

"तू आला होतास त्या वेळी?"

अंकुरनं आईकडे पाहिलं नाही. "जुलैत. एक वीकेंड. घराची किंमत काढायला माणूस येणार होता."

"माझ्या घराची?" मृणालिनीबाई म्हणाल्या.

"आई, आय वॉज गोइंग टू टेल यू."

"आणि तू, वल्लरी?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"मावशी, मला ती गन घरात नकोच होती. आमची लेक रुही लहान होती तेव्हा बाबांना म्हटलंही होतं, काढा ती. पण एक गन काढून दुसरी गनच कशाला लावीन मी?"

सुनेत्राबाईंना हसू आलं. ते खरं होतं.

तेवढ्यात बॅटरीवर चालणारी ती यांत्रिक बाई पुन्हा म्हणाली : फ्रंट डोअर, ओपन. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून समोरचे नंदू आणि मालिनी आत आले. नंदू म्हणजे निवृत्त डॉक्टर नंदकुमार, कुमारचे पन्नास वर्षांचे मित्र. त्यांच्या घरी शेकोटी नव्हती.

"वहिनी, आश्रय द्या! भट्टी बंद, घरात दात वाजतायत," नंदू म्हणाले.

मालिनीबाईंनी टोपी काढली. त्यांच्या कुंकवाखाली एक काळा ठिपका होता.

"काकू, बर्फाची दृष्ट लागेल म्हणून का?" वल्लरीनं चिडवलं.

"दृष्ट कसली गं! आम्ही सोलापूरची माणसं. विठोबाचं आहे ते. पूजा झाली की लावते." आणि त्या चहाचं बघायला आत गेल्या. वल्लरी पर्समधला खटका घेऊन त्यांच्यामागून गेली, आणि जरा वेळानं परत आली.

नंदूंची नजर टेबलावर गेली. ते क्षणभर थबकले. मग खुर्ची ओढून बसले.

"काढलीत शेवटी! काय म्हणते आमची सुनेत्रा?"

"नक्कल आहे म्हणते," मृणालिनीबाई म्हणाल्या.

नंदूंनी सुस्कारा टाकला. "अंकुर, आता लपवून उपयोग नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. कुमारला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. हॅस्केलनं त्याला नक्कलच टेकवली होती."

"मग आईला बदलली असं का वाटतं?" अंकुरनं विचारलं.

नंदू आवाज उतरवून म्हणाले, "तेच तर मी तुला फोनवर सांगत आलोय, राजा. ओळखीच्या वस्तू अनोळखी वाटायला लागतात. हे असंच सुरू होतं."

मृणालिनीबाई आपल्या हातांकडे बघत बसल्या. तोंडावर दार लागावं तसा त्यांचा चेहरा झाला. नंदू बोलले ते पटण्यासारखं होतं, आणि तीच त्यातली भीती होती. बंदूक पहिल्यापासूनच नकली असेल, तर मृणालिनीबाईंची आठवण नकली ठरत होती. मग हर्नडन.

"अंकुर, आईला स्पेशालिस्टनं तपासलंय?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"अपॉइंटमेंट एप्रिलची आहे. पण नंदूकाका डॉक्टरच आहेत ना. त्यांनी सांगितलं, वाट बघू नकोस."

"बरं." सुनेत्राबाई नंदूंकडे वळल्या. "हॅस्केलनं बंदूक दिली तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो म्हणजे? भिंतीत खुंटी मी ठोकली! त्या हिवाळ्यात हॅस्केलच्या दारातलं बर्फ कुमारनं आणि मी, दोघांनी उपसलं होतं."

"साल कुठलं?"

"चौऱ्याहत्तर. अंकुरचा जन्मसुद्धा व्हायचा होता. वहिनींना विचारा."

"चौऱ्याहत्तरच," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"आणि ती हीच?"

"अगदी हीच."

"मधल्या काळात कधी दुरुस्तीला गेली? नळी बदलली?"

"छे! खंडेनवमीशिवाय खाली उतरलीच नाही."

"मग मी नळी सुटी करून बघते. अंकुर, एखादा बारीक खिळा आण."

"कशाला मोडतोड?" नंदू म्हणाले. "नक्कल आहे हे ठरलंय ना?"

"ठरलंय. पण ती कुठल्या सालची, ते नाही ठरलं."

त्यांनी दस्त्यातल्या पिना एकेक करून बाहेर ढकलल्या. मागचा स्क्रू काढला. आठ पैलूंची नळी लाकडातून वर उचलली. वरच्या पैलूवर कानस फिरवल्याच्या बारीक रेघा होत्या. तिथलं काहीतरी घासून वर काळपट रंग दिला होता. नळीची खालची बाजू मात्र कुणी पाहिलीच नव्हती. तिथे दोन चिमुकल्या मोहरा होत्या, आणि बाजूला एका चौकटीत दोन इंग्रजी अक्षरं. ए, एफ.

"हे काय असेल, नंदूभाऊ?"

नंदूंनी चष्मा सारखा केला. "बनवणाऱ्याची आद्याक्षरं. दुसरं काय?"

सुनेत्राबाईंनी दस्ता उलटा केला. खांद्याकडच्या जाड टोकाच्या कुशीत पितळी झाकणाची एक छोटी डबी होती. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या पूर्वी अशा डबीत ठेवत. त्यांनी झाकण उघडलं. बिजागरीच्या फटीतून चिमूटभर काळी पूड टेबलावर सांडली.

"अहो, मेणबत्ती बाजूला!" नंदू ओरडले. "बारूद आहे ती! भडका उडेल!"

अंकुरनं पटकन मेणबत्ती उचलली. वल्लरी दोन पावलं मागे सरली.

सुनेत्राबाईंनी पूड दोन बोटांत चोळली. नाकाशी नेली. मग शांतपणे म्हणाल्या, "अंकुर, मेणबत्ती इकडे आण."

"मावशी, आर यू शुअर?"

"आण."

त्यांनी पुडीची चिमूट ज्योतीवर सोडली. नंदूंनी डोळे मिटले.

भडका उडाला नाही. कण ज्योतीत लाल झाले, विझले, आणि धुराची एक नाजूक रेघ वर चढली. खोलीत वास पसरला. चंदनाचा, नागरमोथ्याचा, वाळलेल्या फुलांचा.

स्वयंपाकघराच्या दारात मालिनीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"अगबाई, बुक्का!" त्या म्हणाल्या. "कुणी जाळला? हा तर आमच्या..." आणि थांबल्या. त्यांनी टेबलावरच्या बंदुकीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"मालिनी, बस," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तुझी यात काही चूक नाही. मी सांगते, चुकलं तर सांग."

मालिनीबाई उभ्याच राहिल्या.

"ही बंदूक इटलीत बनली. तिथे प्रत्येक नळी विकण्याआधी सरकारी चाचणीतून जाते, आणि पास झाली की तिच्यावर मोहर बसते. शेजारी चौकटीत सालाची खूण असते. त्या काळात साल आकड्यांत लिहीत नसत, अक्षरांत लिहीत. दर वर्षाची अक्षरं वेगळी. संग्रहालयात इतक्या नकला पाहिल्यात की मला ती पाठ झालीत. ए-एफ म्हणजे एकोणीसशे ऐंशी."

"सो?" अंकुर म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. "पण ती तर चौऱ्याहत्तरमध्ये भिंतीवर होती."

"नंदूभाऊंनीच सांगितलं. खुंटी त्यांनी ठोकली, बंदूक तीच, नळी कधी बदलली नाही. जी नळी ऐंशी साली पहिल्यांदा जगात आली, ती चौऱ्याहत्तरमध्ये हॅस्केलनं कशी दिली? म्हणजे भिंतीवर दुसरी बंदूक होती आणि ती कुणीतरी बदलली. मृणालिनी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती."

मृणालिनीबाईंनी तोंडावर पदर दाबला.

"आता कुणी बदलली? तू किंमत काढायला आलास, अंकुर, तेव्हा मला तुझीही शंका आली. खोटं कशाला बोलू? पण या पुडीनं तुला सोडवलं. कुणाही बंदूकवाल्याला दाखव, तो म्हणेल बारूद. नंदूभाऊही तसंच समजले. बंदूक इथे टांगण्याआधी त्यांनी वरचं नाव घासून काढलं, बाकी सगळी पुसली. पण ही पूड ठेवली. बंदूक जुनी, वापरलेली वाटावी म्हणून. बारुदीला गंधकाचा वास असतो. हिला देव्हाऱ्याचा आहे. मृणालिनी, तुमच्याकडे खंडेनवमीला काय वाहतात?"

"हळद-कुंकू. फूल. बुक्का आमच्यात नाही."

"मालिनी, तुमच्याकडे?"

मालिनीबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "मी सगळ्याला वाहते. कात्रीला, यांच्या स्टेथोस्कोपला, बर्फ उपसायच्या मशीनला. आणि तळघरात यांची एक बंदूक आहे, तिला. त्या डबीत चिमूटभर टाकते. विठोबाचं म्हणून. वर्षानुवर्षं. मला काय ठाऊक, कुठली बंदूक कुठली. मला सगळ्या सारख्या."

"मालिनी, गप्प राहा," नंदू म्हणाले.

"आता कशाला गप्प राहू?" त्या अंकुरकडे वळल्या आणि कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "तळघरात जिन्याखाली स्कीची लांब पिशवी आहे. या माणसानं जन्मात स्कीइंग केलेलं नाही."

अंकुर बुटांना नंदूंचेच खिळ्यांचे पट्टे बांधून निघाला. खिडकीतून सगळे बघत होते. तो वाकून, हात पसरून, लहान मूल चालतं तसा रस्ता ओलांडत होता. बाहेर पडायला कुणालाच वाट नव्हती, नंदूंनाही नाही. ते दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले होते.

"बर्फ दोघांनी उपसलं होतं," ते मध्येच म्हणाले. "बंदूक एकाला मिळाली. तशीच एक असावी म्हणून मी ही घेतली, जुन्या बाजारात. पण मन भरेना. कुमार गेल्यावर मी वहिनींकडे मागितलीही होती."

"मी म्हटलं, यांची आठवण आहे, नाही देणार," मृणालिनीबाई म्हणाल्या. "पण भाऊजी, बंदुकीचं जाऊ द्या. तुम्ही मला वेडी ठरवलंत."

"मला तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. दसऱ्याला तुम्ही म्हणालात ही बंदूक वेगळी आहे, तेव्हा तोंडातून निघून गेलं, वहिनी, तुमचा गैरसमज होतोय. मग अंकुरचा फोन आला. मग ते वाक्य माझ्या हातात राहिलं नाही."

"राहिलं नाही काय! तुम्ही रोज त्याला खतपाणी घातलंत," मालिनीबाई म्हणाल्या.

अंकुर परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. पिशवीतून निघालेली बंदूक लांब होती, काळसर मेपलच्या एकाच लाकडाची. पितळेवरच्या कोरीवकामात हळद भरलेली होती, इतकी जुनी की तिचा रंग मेणासारखा झाला होता. त्यानं ती आईच्या मांडीवर ठेवली.

"हीच," मृणालिनीबाई म्हणाल्या. एवढंच.

अंकुर खाली जमिनीवर बसला, आईच्या पायाशी. मग तो उठला आणि दारावरची ती यांत्रिक बाई त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं काढून टाकली.

वीज यायला रविवार उजाडला. तोवर सगळे त्या एकाच शेकोटीपाशी राहिले. जाणार कुठे? नंदू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असत आणि जेवणाचं ताट त्यांना मृणालिनीबाईच नेऊन देत. बोलत मात्र नसत.

त्याच वसंतात नंदूंनी घर विकायला काढलं आणि ते ॲरिझोनाला मुलीकडे गेले. मालिनीबाई त्यांच्याबरोबर गेल्या, पण दिवाळीत एकट्याच ट्रॉयला येत आणि मृणालिनीबाईंकडे उतरत. नंदूंचा विषय निघत नसे. हॅस्केलची बंदूक सुनेत्राबाईंच्या संग्रहालयात आहे. मृणालिनीबाईंनी स्वतः दिली. इटलीची नक्कल शाळेतल्या मुलांना हाताळायला ठेवली आहे. सुनेत्राबाई अजून शनिवारी तिथे बसतात, फक्त आता गाडी चालवत नाहीत. वल्लरी त्यांना आठवड्याला एक फोन करते. काय बोलतात कोण जाणे, पण पुष्कळ हसतात.

एप्रिलमध्ये तज्ज्ञानं मृणालिनीबाईंना तपासलं. वयाच्या मानानं ठीक, म्हणाला. त्या दोन वर्षं आपल्या घरी, आपल्या शेगडीवर स्वयंपाक करून राहिल्या. मग विसरणं खरोखरच आलं, हळूहळू, आणि त्या आपणहून अंकुरकडे राहायला गेल्या. कोड असलेल्या दारांच्या जागेत नाही, त्याच्या घरी, खालच्या खोलीत.

परवा सकाळी त्या खिडकीत बसून म्हणाल्या, "अंकुर, ते समोरचं झाड काल तिथे नव्हतं."

झाड त्यानं स्वतः लावलेलं, बावीस वर्षांपूर्वीचं. मीटिंग चालू होती. अंकुरनं लॅपटॉप मिटला, बूट घातले, आणि तो बाहेर बघायला गेला.